शॉर्टस्टॉप मोजायचा कसा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर बेसबॉलमधल्या दहा सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांची, यादी वाचली. क्रिकेट-कबड्डीपलीकडच्या खेळाला कोकणातल्या दैनिकाने अर्धं पान दिलं, त्याबद्दल आधी आभार मानतो आणि मग भांडायला घेतो. यादीतल्या नावांवर फारसा वाद नाही, ती कुणीही घेईल. वाद आहे तो क्रमाचा. डेरेक जेटर दुसरा, ओझी स्मिथ आठवा, ॲलन ट्रॅमेल यादीतच नाही. आणि आधार काय, तर कारकिर्दीतल्या एकूण हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेची विजेतेपदं. हिट्सची बेरीज माणूस किती वर्षं खेळला यावर फुगते, पुरस्कार मतांवर मिळतो आणि विजेतेपद पंचवीस-सव्वीस जणांचं असतं. यातल्या एकाही मापाने शॉर्टस्टॉप कळत नाही.

लेखात या जागेला एके ठिकाणी 'लघुथांबा' म्हटलं होतं. तेवढं पुन्हा नको. वाचकाला एस.टी.चा विनंती थांबा आठवतो. शॉर्टस्टॉप हे नाव आहे तसंच राहू द्या, त्यामागे इतिहास आहे. १८४९-५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमधला डॉक ॲडम्स या जागी उभा राहू लागला. त्या काळचा चेंडू इतका हलका होता की लांबच्या क्षेत्ररक्षकाची फेक पिचरपर्यंत, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापर्यंत, पोचायची नाही. म्हणून मध्ये उभं राहून ती फेक घ्यायची आणि पुढे द्यायची, एवढंच त्याचं काम. पुढे चेंडू जड आणि टणक झाला, मधल्या माणसाची गरज संपली आणि तो पुढे सरकत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीत आला. तिथेच तो आजही उभा असतो.

या खिंडीचं गणित समजलं तरच पुढचं पटेल. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना दोन बेसमधलं ६० फुटांचं अंतर माहीत असतं. बेसबॉलमध्ये ते ९० फूट. बहुतेक बॅटर उजवे आणि उजव्या बॅटरने जोरात ओढलेला जमिनी चेंडू मैदानाच्या डाव्या बाजूला जातो, म्हणजे शॉर्टस्टॉपकडे. बॅटला चेंडू लागल्यापासून सर्वसाधारण उजवा बॅटर ४.३ सेकंदांच्या आसपास पहिल्या बेसवर पोचतो, चपळ असला तर चारच्या घरात. तेवढ्या वेळात चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत यायचा, त्याने तो उचलायचा, हातमोज्यातून फेकीच्या हातात घ्यायचा आणि सव्वाशे फुटांच्या आसपास फेकायचा. उचलण्यापासून सोडण्यापर्यंत एक सेकंद लागला तरी उशीर झाला म्हणायचा. डावखुऱ्याला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकण्यासाठी अंग वळवावं लागतं आणि त्यातच फलंदाज पोचतो, म्हणून या जागेवर डावखुरा फेकणारा दिसत नाही. क्रिकेटमध्ये कव्हरच्या माणसाने चेंडू एका हाताऐवजी दोन हातांनी उचलला तर फार तर एक धाव जास्त जाते. इथे त्यापायी बाद व्हायचा माणूस बेसवर उभा राहतो.

आता यादीतल्या पहिल्या चुकीकडे येतो. लेखकाने क्षेत्ररक्षण मोजायला फिल्डिंगचा टक्का वापरला. तो असा काढतात: पुटआउट (स्वतः घेतलेले बाद) आणि असिस्ट (चेंडू उचलून फेकून दुसऱ्याच्या हातून करवलेले बाद) यांची बेरीज घ्यायची आणि तिला पुटआउट, असिस्ट व एरर या तिन्हींच्या बेरजेने भागायचं. ऐकायला चोख वाटतं. खोट आहे ती एररच्या व्याख्येत. सर्वसाधारण प्रयत्नात जो चेंडू घ्यायला हवा होता तोच हुकला तर एरर, आणि तसा निर्णय अधिकृत गुणलेखकाचा. जो चेंडू गाठलाच नाही, तो बॅटरच्या खात्यावर हिट म्हणून जातो. शॉर्टस्टॉपच्या खात्यावर ओरखडासुद्धा उमटत नाही. याउलट चार पावलं जास्त धावून, सूर मारून चेंडूला हात लावणाऱ्याच्या हातून तो निसटला तर गुणलेखक त्याला एरर देऊ शकतो. म्हणजे जो कमी पोचतो त्याची पाटी जास्त कोरी. हापूसमधल्या साक्यासारखं आहे हे: वरून फळ पिवळंधमक, डाग नाही, कापल्यावर आत पांढरट गर. टक्का फक्त साल बघतो.

आकड्यांत बघू. ओझी स्मिथ शॉर्टस्टॉपवर २,५११ सामने खेळला, जेटर २,६७४. जेटरचे १६३ सामने जास्त, म्हणजे एक अख्खा मोसम. फिल्डिंगचा टक्का स्मिथचा ०.९७८, जेटरचा ०.९७६. हजार चेंडूंमागे दोनाचा फरक, म्हणजे दोघे सारखेच, असं आपल्या लेखकाला वाटलं.  आता असिस्ट बघा: स्मिथ ८,३७५, जेटर ६,६०५. एक मोसम कमी खेळून स्मिथचे १,७७० असिस्ट जास्त. पुटआउट धरले तर सामन्यागणिक स्मिथ ५.०३ बादमध्ये सहभागी आणि जेटर ३.९० मध्ये.

पण इथेच थांबून स्मिथचा जयजयकार केला तर तीही घाईच. कच्च्या बेरजेत तीन-चार भेसळी असतात. जेटरच्या काळात पिचर स्मिथच्या काळापेक्षा जास्त बॅटर स्वतःच बाद करू लागले होते. स्ट्राइकआउट वाढले की जमिनी चेंडू घटतात आणि शॉर्टस्टॉपला संधीच कमी मिळते. संघाचे पिचर चेंडू खाली ठेवणारे आहेत की हवेत मारायला लावणारे, यावरही बरंच ठरतं. समोर डावे बॅटर जास्त आले की चेंडू उजव्या बाजूला जातात. म्हणून सामन्यागणिकचा आकडा नुसता ठेवू नये. त्याच वर्षीच्या, त्याच लीगच्या शॉर्टस्टॉपच्या सरासरीशी तो ताडावा आणि जमल्यास संघाच्या पिचरांच्या स्ट्राइकआउटची वजाबाकी करावी. एवढं करूनही स्मिथ पुढेच राहतो, फक्त अंतर कमी होतं.

एक आक्षेप नेहमी येतो, की स्मिथची करामत ही सेंट लुईसच्या कृत्रिम गवताची करामत. आक्षेप अगदी पोकळ नाही. कातळावरच्या मैदानात टेनिस चेंडू खेळणाऱ्या रत्नागिरीकराला टप्पा मैदान ठरवतं हे सांगावं लागत नाही. श्रावणातल्या ओल्या गवतावर तोच चेंडू पायाशी मरतो. कृत्रिम गवतावर चेंडू वेगाने पण सरळ टप्प्याने येतो, म्हणून शॉर्टस्टॉप दोन पावलं मागे उभा राहू शकतो आणि त्याचा पट्टा रुंदावतो. सिनसिनाटीचा डेव्ह कॉन्सेप्सिऑन तर लांबून फेकताना मुद्दाम एक टप्पा टाकून पहिल्या बेसकडे चेंडू द्यायचा, कारण त्या पृष्ठभागावर टप्पा फसत नाही. पण स्मिथचे एका मोसमातले ६२१ असिस्ट, जो शॉर्टस्टॉपचा आजही विक्रम आहे, ते १९८० सालचे. तेव्हा तो सॅन डिएगोकडे होता आणि सॅन डिएगोचं मैदान खऱ्या गवताचं. सेंट लुईसला तो १९८२ मध्ये गेला.

आता या बादांची किंमत धावांत कशी काढायची ते. जमिनी चेंडू बादऐवजी एका बेसची हिट झाला तर बचाव करणाऱ्या संघाचं सरासरीने साधारण पाऊण धावेचं नुकसान होतं. एक बाद हुकला आणि वर माणूस बेसवर चढला, असा दुहेरी हिशेब त्यात आहे. मोसमात वीस चेंडू जास्त गाठले की पंधरा धावा झाल्या. साधारण दहा धावांना एक विजय धरतात. म्हणजे निव्वळ वीस चेंडू जास्त अडवणारा शॉर्टस्टॉप संघाला वर्षाला दीड सामना जिंकून देतो आणि धावफलकावर त्याचं नाव कुठेही येत नाही. आपल्या वाचकांना कबड्डीतला कोपरा ठाऊक आहे. चढाईचे गुण सगळे लक्षात ठेवतात, पण डाव्या कोपऱ्याच्या दहशतीने चढाईपटू रिकामा परतला त्याची नोंद कुठे असते?

या पद्धतीने अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब केला तर सरासरी शॉर्टस्टॉपच्या तुलनेत स्मिथने सुमारे २४० धावा वाचवल्या आणि जेटरने सुमारे २५० गमावल्या. फलंदाजीत उलट. जेटर सरासरी बॅटरपेक्षा साडेतीनशेच्या आसपास धावांनी वर, स्मिथ शंभराहून जास्त धावांनी खाली. दोन्ही बाजू जवळजवळ फिटतात. मग बेसवरची धाव मोजायची. स्मिथने ५८० बेस चोरले, म्हणजे कुणी चेंडू मारलेला नसताना धावून पुढचा बेस गाठला, आणि फक्त १४८ वेळा पकडला गेला. तिथे तो पुढे सरकतो. या सगळ्याची मोट बांधणारं जे वॉर नावाचं माप आहे, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळवून दिले, त्यात स्मिथ ७७ आणि जेटर ७१ च्या आसपास. मोठी दरी नाही. पण 'दुसरा' आणि 'आठवा' हा क्रम यातून कुठून निघतो, ते लेखकानेच सांगावं.

वॉर म्हणजे देवाचं वाक्य नव्हे, हेही त्याच दमात सांगायला हवं. त्यातला क्षेत्ररक्षणाचा भाग काळानुसार वेगवेगळ्या तराजूत तोललेला आहे. साधारण १९५३ च्या आधीच्या खेळाडूंसाठी हाताशी नुसत्या बेरजा आहेत. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांसाठी प्रत्येक चेंडूच्या नोंदीवरून अंदाज बांधता येतो. २००३ पासून चित्रफिती बघून चेंडू नेमका कुठून गेला ते नोंदवतात आणि २०१६ नंतरचं मोजमाप कॅमेऱ्यांनी धावण्याच्या अंतरासकट केलेलं आहे. स्मिथ पूर्णपणे दुसऱ्या तराजूत, जेटर अर्धा दुसऱ्या आणि अर्धा तिसऱ्या तराजूत. फलंदाजीचा आकडा जितक्या भरवशाचा, तितका क्षेत्ररक्षणाचा नाही. म्हणून क्षेत्ररक्षणाच्या धावांना मी तरी दोन तृतीयांश वजन देईन, आणि १९५३ पूर्वीच्यांना अर्धंच. तसं केल्यास जेटर स्मिथला गाठतो, दहाएक विजयांनी पुढेही जातो. मग स्मिथला वर ठेवायचं कारण काय? मोजमाप त्याच्यापेक्षा दुबळं आहे, खेळ नव्हे. वेगवेगळ्या पद्धतीने, वेगवेगळ्या माणसांनी हिशेब केले तरी प्रत्येकात तो पहिल्या दोन-तिघांत येतो आणि जेटर प्रत्येकात तळाशी. दिशा पक्की असेल तर आकडा थोडा हलला तरी चालतो.

नुसत्या हातमोज्यावरही कोणी महान ठरत नाही. बाल्टिमोरच्या मार्क बेलँजरने स्मिथपेक्षा कितीतरी कमी सामन्यांत जवळपास तेवढ्याच धावा वाचवल्या. पण फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे हिट्स, ०.२२८ आणि अठरा मोसमांत होमरन (आपल्या षटकारासारखे) वीस. तो पहिल्या दहांत येत नाही, येऊही नये. स्मिथची सरासरी ०.२६२ असली तरी त्याचे बेस ऑन बॉल्स (पिचरच्या चुकलेल्या चेंडूंमुळे न मारता मिळालेला पहिला बेस) १,०७२ आणि स्ट्राइकआउट फक्त ५८९. १९८७ मध्ये एकही होमरन न मारता ०.३०३ ची सरासरी आणि ४३ चोरलेले बेस, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा क्रमांक. ही बेलँजरची फलंदाजी नव्हे. ओमार विझकेलचंही तसंच उलटून बघा. फिल्डिंगचा टक्का ०.९८५, स्मिथपेक्षाही वर, सामने २,७०९, ११ गोल्ड ग्लव्ह. पण वाचवलेल्या धावा स्मिथच्या जवळपास निम्म्या. हात स्वच्छ, पट्टा लहान.

गोल्ड ग्लव्हविषयी थोडक्यात. हा पुरस्कार १९५७ पासून दिला जातो आणि मतं संघांच्या व्यवस्थापक-प्रशिक्षकांची. २०१३ पासून सुमारे पाव वजन आकडेवारीला मिळालं. त्याआधीचे निकाल कसे लागत? १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला पहिल्या बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला. त्या मोसमात तो पहिल्या बेसवर २८ सामने उभा होता. शॉर्टस्टॉपमध्ये बघायचं तर कॅल रिपकेनने १९९० च्या अख्ख्या मोसमात फक्त तीन एरर केल्या, टक्का ०.९९६, आणि पुरस्कार ओझी गियेनला. जेटरला पाच मिळाले: २००४, २००५, २००६, २००९, २०१०. त्यातला पहिला मिळाला त्याच वर्षी ॲलेक्स रॉड्रिग्ज जेटरच्या यँकीज संघाकडे आला होता. मागच्या सलग दोन वर्षांचा शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह रॉड्रिग्जचा, तरी तिसऱ्या बेसवर गेला तो रॉड्रिग्ज.

जेटरवर मात्र अन्याय करायचा नाही. त्याची एक खेळी जगाच्या डोळ्यांत बसली आहे: १३ ऑक्टोबर २००१, ओकलंडविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेतला तिसरा सामना. भरकटलेली फेक पहिल्या बेसच्या रेषेजवळ धावत जाऊन पकडली आणि उलट्या हाताने होम प्लेटकडे, जिथे धाव पुरी होते तिकडे, टाकली, जेरेमी जिअम्बी बाद. तिसऱ्या बेसकडच्या खिंडीत जाऊन उडी मारून फेकणंही त्याचंच. जे चेंडू तो गाठायचा ते देखणेपणाने गाठायचा. कमतरता होती ती त्याच्या डावीकडे, दुसऱ्या बेसच्या बाजूला जाणाऱ्या साध्या जमिनी चेंडूंची. ते न गाठलेले चेंडू कुणाच्या डोळ्यांत बसत नाहीत. ३,४६५ हिट्स, ०.३१० ची सरासरी, वीस मोसम एकाच जागेवर. पहिल्या दहांत त्याची जागा पक्की आहे. पण डेट्रॉइटच्या ॲलन ट्रॅमेलचं वॉर जेटरइतकंच, ७१ च्या जवळ. १९८४ च्या वर्ल्ड सिरीजचा तो सर्वोत्तम खेळाडू, चार गोल्ड ग्लव्ह. क्रीडालेखकांच्या मतदानात पंधरा वर्षं ताटकळला आणि २०१८ मध्ये समितीच्या वाटेने हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनात गेला. जेटर २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६ मतांनी. दोघांमध्ये हिट्सचा फरक हजाराहून जास्त आहे, खरं. पण पेटीत आठ डझन मावले म्हणजे फळ मोठं असतं का? चार डझनाच्या पेटीचा भाव जास्त का, हे आपल्या वाचकांना विचारा.

यादीतली दुसरी मोठी चूक म्हणजे जागा बदललेल्यांचा हिशेब. अर्नी बँक्सचे ५१२ होमरन छापले आहेत. त्यातले शॉर्टस्टॉप म्हणून २७७ च. तो शॉर्टस्टॉपवर १,१२५ सामने खेळला आणि पहिल्या बेसवर १,२५९. पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या तगड्या बॅटरची किंमत वेगळी असते. जागेच्या अवघडपणासाठी जी दुरुस्ती करतात तिच्या एका प्रचलित रूपात १६२ सामन्यांमागे शॉर्टस्टॉपला साडेसात धावा बहाल होतात आणि पहिल्या बेसवरच्या साडेबारा वजा होतात. तीच फलंदाजी, पण जागा बदलली की वर्षाला वीस धावांचा, म्हणजे दोन विजयांचा फरक. म्हणून बँक्सला मोजायचं तर १९५३ ते १९६१ चा बँक्स मोजा. तो काही कमी नाही. १९५८ ला ४७ होमरन, १९५९ ला ४५, दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि दोन्ही वर्षं संघ पराभवांच्याच बाजूला झुकलेला. १९५९ मध्ये फक्त बारा एरर. विजेतेपदांच्या मापाने हा माणूस शून्य ठरतो, यावरूनच त्या मापाची लायकी कळावी. मिलवॉकीच्या रॉबिन याउंटचंही तसंच: सर्वोत्तम खेळाडूचा १९८२ चा पुरस्कार शॉर्टस्टॉप म्हणून, १९८९ चा सेंटर फील्ड या लांबच्या जागेवरून, मधे दुखरा खांदा. त्याच्या ३,१४२ हिट्स एका रकान्यात छापणं चूक.

माझं म्हणणं असं, की यादीत यायला शॉर्टस्टॉपवर किमान हजार सामने हवेत. तिथली वर्षं पूर्ण मोजावीत, दुसऱ्या जागेवरची अर्धी. मग वॉरची कारकिर्दीची बेरीज आणि सर्वोत्तम सात मोसमांची बेरीज या दोन्हींची सरासरी घ्यावी. नुसती बेरीज घेतली तर टिकून राहणारा जिंकतो, नुसता कळस घेतला तर नोमार गार्सियापारासारखा, १९९९ ला ०.३५७ आणि २००० ला ०.३७२ ठोकून पुढे दुखापतींनी खचलेला. चालू खेळाडू यादीत घेऊच नयेत. त्यांचा कळस झाला की व्हायचाय हे कळत नाही, आणि २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन क्षेत्ररक्षक हवेतच असा नियम आल्याने शॉर्टस्टॉपचा पट्टाही बदलला आहे.

या रीतीत ॲलेक्स रॉड्रिग्जचं काय करायचं? शॉर्टस्टॉपवर १,२७२ सामने, म्हणजे अट पूर्ण. २००१ ला ५२, २००२ ला ५७, २००३ ला ४७ होमरन. या जागेवरून कुणी इतकं मारलं नव्हतं. तेव्हा तो टेक्सासकडे होता आणि तिथलं मैदान बॅटरना धार्जिणं होतं, त्याची वजावट करूनही कळस त्याचाच मोठा. पण त्याने २००९ मध्ये स्वतः कबूल केलं की बंदी असलेली द्रव्यं घेतली, आणि घेतली ती नेमकी २००१ ते २००३ या तीन वर्षांत. पुढे २०१४ चा पूर्ण मोसम निलंबनात गेला. आपल्या यादीत या बाबीचा उल्लेखही नाही, हे चुकलंच. आकडे खोडून काढायची माझी तयारी नाही, कारण त्या काळात आणखी कोण काय घेत होतं याचा हिशेब लागत नाही. पण या तीन वर्षांना पूर्ण वजनही देणार नाही. त्याला तिसरा ठेवून शेजारी टीप छापावी.

दुसरा कॅल रिपकेन, आणि तो २,६३२ सलग सामन्यांमुळे नव्हे. तो विक्रम पोस्टरवर छापायला ठीक आहे. सव्वासहा फुटांहून उंच माणसाला शॉर्टस्टॉपवर ठेवायची तेव्हा रीत नव्हती. जुलै १९८२ मध्ये अर्ल वीव्हरने त्याला तिसऱ्या बेसवरून तिथे हलवलं. पाय चपळ नव्हते, म्हणून तो चेंडू टाकायच्या आधीच जागा बदलायचा: पिचर काय टाकणार आणि समोरचा बॅटर तो चेंडू कुठे मारतो, याचा अंदाज घेऊन. १९८४ मध्ये ५८३ असिस्ट, अमेरिकन लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी एकीचा) विक्रम. पळ कमी असूनही पट्टा मोठा ठेवता येतो, हे त्याने दाखवलं. वर शॉर्टस्टॉप म्हणूनच ३४५ होमरन, दोन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि वॉर ९६. सलग खेळण्याचा खरा फायदा वेगळाच: त्याच्या संघाला बदली शॉर्टस्टॉप उभा करायची वेळ चौदा वर्षं आली नाही.

पहिल्या क्रमांकावर आपल्या लेखकाशी माझं एकमत. होनस वॅग्नर. फक्त कारणं चुकीची दिली आहेत. 'आठ वेळा फलंदाजीत अव्वल' असं छापताना १९०० सालचं पहिलं अव्वलपद, ०.३८१ चं, त्याने बहुतांशी आउटफील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, खेळून मिळवलं हे सांगायला हवं होतं. शॉर्टस्टॉपवर तो कायमचा रुळला १९०३ पासून. त्याचं मोठेपण बघायचं तर १९०८ बघा. त्या वर्षी नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरीच ०.२३९ होती आणि वॅग्नरची ०.३५४. मैदान आणि काळ यांची दुरुस्ती करून सरासरी बॅटर १०० धरला, तर वॅग्नर त्या वर्षी २०५. दुपटीहून जास्त, तेही शॉर्टस्टॉपवरून. त्याचा फिल्डिंगचा टक्का ०.९४० वाचून आजच्या वाचकाला तो ढिसाळ वाटेल. पण त्या काळचा हातमोजा तळव्यापेक्षा थोडाच मोठा, बोटांमध्ये जाळी नाही, जमीन खडबडीत. त्या वेळच्या इतर शॉर्टस्टॉपपेक्षा तो आकडा वरचाच आहे.

मात्र वॅग्नरच्या आकड्यांवर एक मोठं प्रश्नचिन्ह आहे आणि त्याची लेखात ओळही नाही. त्याच्यासमोर खेळणाऱ्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. कृष्णवर्णीयांना १९४७ पर्यंत दार बंद होतं. त्याच काळात बंद दाराबाहेर जॉन हेन्री लॉइड शॉर्टस्टॉप खेळत होता, ज्याला लोक 'काळा वॅग्नर' म्हणत. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची, म्हणजे निग्रो लीगची, आकडेवारी अधिकृत नोंदींत २०२४ मध्ये सामील झाली खरी, पण ती १९२० ते १९४८ ची. लॉइडचा जन्म १८८४ चा, म्हणजे १९२० ला तो छत्तिशीत. अधिकृत आकड्यांत त्याची उतरती वर्षंच आली, ऐन भराची नाहीत. म्हणून मापात बसत नाही या कारणाने त्याला वगळणं म्हणजे त्याला आधी आत न घेण्याचीच पुढची पायरी. हॉल ऑफ फेमने त्याला १९७७ मध्ये घेतलं. माझ्या यादीत तो वॅग्नरच्या शेजारी, क्रमांक न देता. त्याच्या नंतरच्या पिढीतल्या विली वेल्सची बरीच वर्षं या नोंदींत आली आहेत, त्याला तरी क्रमांक देता येतो.

आणि आर्की वॉन कुठे गेला? १९३५ ची सरासरी ०.३८५, बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.४९१. १९४३ नंतर तो तीन मोसम खेळलाच नाही, त्यामुळे बेरजा कमी दिसतात आणि बेरजा बघणाऱ्यांच्या यादीतून तो गळतो. १९५२ मध्ये तळ्यात मासेमारीला गेला असताना होडी उलटून बुडाला, वय ४०. हॉल ऑफ फेम १९८५ मध्ये, त्याच्या माघारी. शॉर्टस्टॉपांत फलंदाजी एवढीच मोजायची ठरली तर वॅग्नर आणि रॉड्रिग्जनंतर याचं नाव येतं.

तेव्हा माझा क्रम: वॅग्नर, शेजारी लॉइड; मग रिपकेन, टिपेसह रॉड्रिग्ज, स्मिथ, वॉन, बँक्स, आणि त्यांच्यामागे जेटर, ट्रॅमेल व वेल्स. या शेवटच्या तिघांत कोणी उलटापालट केली तर मी वाद घालणार नाही. स्मिथला वॉनच्या खाली नेलं तर घालीन.

हा खेळ इथे थेट बघायचा तर न्यूयॉर्कचा रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो, ट्रॉलर बंदराला लागायच्या वेळी. बघणारे थोडे आहेत, पण आहेत. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे त्या जागेवर खेळलेले सामने, असिस्ट आणि आपल्या काळाच्या सरासरीशी ताडलेली फलंदाजी, एवढे तीन रकाने तरी द्या. पानावर जागा पुरली नाही, तर विजेतेपदांचा रकाना काढून टाका.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी